पिक्चर कसा होता?

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठाला, असदगड किल्ल्याच्या बाजूस आमचे घर आहे. घराला दगडी ओटा आहे. दिवेलागणीला त्या ओट्यावर माणसे जमतात. एक ऑटोवाला, एक शिंपी आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर. बाजारात शेंगा-फुटाणे विकणाऱ्या एक मावशीही येतात. मावशी बसत नाहीत. टोपली ओट्यावर टेकवतात आणि उभ्याउभ्याच ऐकतात. पन्नाशी उलटल्यावर त्या अक्षरे शिकल्या. आता दुकानांच्या पाट्या वाचत घरी जातात. आम्ही निवृत्त मुख्याध्यापक आहोत. तेव्हा आम्हाला सगळे गुरुजी म्हणतात.

ओट्यावर पावसाची गोष्ट निघते, कापसाच्या भावाची निघते. पण सगळ्यांत जास्त निघते ती पिक्चरची.

"गुरुजी, काल पिच्चर पाह्यला. एक नंबर!" ऑटोवाला म्हणाला.

"कायचा एक नंबर? नुसती मारामारी! माहं तं डोकं दुखलं," शिंपी म्हणाला.

आम्ही विचारले, "अरे, पण मारामारी होती कशी?"

"कशी म्हंजे? जबरदस्त!"

आता पाहा. यातून आपल्याला काय कळले? काहीच नाही. तुमच्या घरचा कापूस कसा आहे असे व्यापाऱ्याने विचारले, तर तुम्ही नुसते 'जबरदस्त' म्हणता का? धागा केवढा आहे, ओल आहे की नाही, कवडी किती आहे, हे तुम्ही सांगता. बैल घेताना तर दात मोजता. मग पिक्चरविषयी बोलतानाच आपण एका शब्दावर का थांबतो? 'भारी', 'भंगार', 'पैसे वसूल', 'टाइमपास', एवढ्या चार शब्दांत सगळे पिक्चर बसवून टाकतो.

हे आम्ही ओट्यावर बोललो. लोक हसले. पण २०२५ साली १४ फेब्रुवारीला 'छावा' नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा याच मंडळींनी फार चांगले मत दिले. शिवाजी सावंत यांच्या 'छावा' या मराठी कादंबरीवरून तो काढलेला आहे. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर. संभाजी महाराजांचे काम विकी कौशल या नटाने केले आहे.

ऑटोवाला म्हणाला, "शेवटी शेवटी थेटरात कोणी बोलत नोतं. पोट्टेसुद्धा चूप. मी बी रडलो."

शिंपी म्हणाला, "मले शेवट पाहवलाच नाई. महाराजांचे हाल पाहून मी खाली मान घातली. एवढं कायले दाखवा लागते?"

कंडक्टरांनी कादंबरी वाचली होती. ते म्हणाले, "पुस्तकात महाराजांचं लहानपण आहे, आग्र्याचा प्रवास आहे. ते पिक्चरात फारसं आलंच नाही. लढाईच फार झाली."

तिघांची तीन मते. एक खरे आणि दोन खोटी, असे नाही. तिघांनीही जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितले, मग आपल्याला काय वाटले ते सांगितले. ऐकणाऱ्याला आपला हिशेब करता येतो. ज्याला हाल पाहवत नाहीत, त्याने जाऊ नये. ज्याला इतिहास सविस्तर हवा, त्याने पुस्तक आणावे.

पण ऑटोवाला तेवढ्यावर थांबला नाही. हळूच म्हणाला, "आन् गुरुजी, असीरगडाजवळ लय सोनं पुरेल हाये म्हन्ते."

"हे पिक्चरात आहे का?" आम्ही विचारले.

"तसं नाई. लोक म्हन्ते."

ही गंमत नव्हती, बरे का. चित्रपटात मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटल्याचा प्रसंग आहे. ती लूट १६८१ साली झाली, हे इतिहासात आहे. बुऱ्हाणपूर आपल्यापासून फार दूर नाही, सातपुड्याच्या अंगाला तापीच्या काठी आहे. त्याच्या उत्तरेला असीरगड किल्ला. पिक्चर लागल्यावर त्या भागात बोलवा उठली की गडाजवळच्या शेतांत मोगलांचे धन आहे. मार्च २०२५ मध्ये माणसे रात्री बॅटऱ्या आणि मोबाइलचे दिवे घेऊन निघाली आणि दुसऱ्याच्या शेतात खोदू लागली. काहींनी धातू शोधायची यंत्रेसुद्धा आणली. वर्तमानपत्रांत फोटो आले. शेवटी पोलिसांना तिकडे जावे लागले. ज्याचे शेत, त्याच्या वाट्याला खड्डे आले.

या लोकांनी पडद्यावर लूट पाहिली होती. पुरलेले धन पाहिले नव्हते. ते ऐकले होते. पाहिलेले आणि ऐकलेले एकत्र कालवले, आणि हाती कुदळ घेतली.

पण दुसऱ्याला कशाला हसावे? त्याआधीच्याच वर्षी आमच्या हातून याहून वाईट चूक झाली होती. ती सांगतो.

'तुंबाड' नावाचा एक भयपट आहे. भयपट म्हणजे भीती वाटावी म्हणून काढलेला चित्रपट. तो पहिल्यांदा १२ ऑक्टोबर २०१८ ला लागला. तेव्हा फार चालला नाही. ज्यांनी पाहिला ते मात्र एकमेकांना सांगत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लावला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा झाला. लोकांच्या तोंडी मतात एवढे बळ असते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. त्यांना ही कल्पना कशी सुचली, तेही ऐकण्यासारखे आहे. १९९३ साली आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक भयकथा ऐकवली. ती भीती मनात राहिली आणि पुढे तिच्यातून हा चित्रपट उभा राहिला.

चित्रपट हिंदी आहे, पण गोष्ट मराठी मुलखातली आहे. पाऊस, पडका वाडा, आणि वाड्याच्या पोटात हस्तर नावाचा राक्षस. त्याच्याजवळ सोन्याची नाणी. त्याला भूक आहे ती पिठाची. माणूस कणकेची बाहुली घेऊन खाली उतरतो, राक्षसाला भुलवतो आणि नाणी पळवतो. एकदा सुटला तर पुरे ना? पण नाही, तो पुन्हा उतरतो, आणि पुढे आपल्या पोरालाही उतरवतो. खरा राक्षस हस्तर की तो माणूस, असा विचार पाहताना मनात येतो.

हे सगळे आज आम्ही पाहून सांगत आहोत. त्या सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, आम्ही तो पाहिलेला नव्हता. मावशींनी विचारले, "गुरुजी, हा पिच्चर कसा हाये वं? माह्या नातवाले मोबाइलवर पाह्याचा हाये." आम्ही पेपरात वाचले होते की फार नावाजलेला आहे. झाले! आम्ही गुरुजी. 'ठाऊक नाही' असे म्हणायला जीभ वळेना. म्हणालो, "चांगला आहे, मावशी. आपल्या मातीतली गोष्ट आहे. दाखवा."

नातू आठ वर्षांचा. त्याने शेजारच्या मोठ्या पोरांबरोबर तो पाहिला. त्यात साखळीने बांधलेली एक भयंकर म्हातारी आहे. त्या रात्रीपासून पोरगा आजीजवळ झोपेना. जन्मापासून जिच्या कुशीत झोपला, तिलाच भिऊ लागला! मावशी पोळ्यांची कणीक मळायला बसल्या की हा किंचाळून बाहेर पळे. चार दिवस झाले, आठ दिवस झाले. पोरगा वाळला. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचे झाले आहे. भगताला विचारले. त्याने अकराशे रुपये आणि काळी कोंबडी मागितली. अमावस्येला पोराला दोरीने बांधून मिरच्यांची धुरी देऊ, म्हणाला.

मावशी पैसे उसने मागायला आमच्याकडेच आल्या. तेव्हा हे कळले. आम्ही रागावलो, "असे कसे भगताकडे जाता?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी, तुमीच तं सांगतलं होतं, चांगला पिच्चर हाये म्हून."

आम्ही खाली पाहिले. दुसरे करणार काय?

भगताचे म्हणाल तर कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला दोरीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे तुरुंग आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. हे आम्ही मावशींना सांगितले. पण कायद्याने पोराची भीती कशी जाणार?

दुसऱ्या दिवशी पोराला ओट्यावर बोलावले. त्याला समोर बसवले. ऑटोवाल्याला उभे केले, शिंप्याला त्याच्या मागे. आम्ही हात उगारला आणि ऑटोवाल्याच्या गालासमोरून वीतभर अंतरावरून जोराने फिरवला. त्याच क्षणी मागे शिंप्याने टाळी वाजवली. ऑटोवाल्याने मान झटकली आणि ओट्यावर कोसळला. पोराने डोळे झाकले. मग ऑटोवाला उठला, गाल दाखवून म्हणाला, "पाह्य रे, लागलंच नाई!" पोराला खरे वाटेना. त्याला बाजूला नेऊन पुन्हा तेच करून दाखवले. बाजूने मधली वीत दिसली. पोरगा आठ दिवसांत पहिल्यांदा हसला.

पिक्चरातली मारामारी अशीच असते. कॅमेरा अशा जागी ठेवतात की मधली वीत दिसू नये. ठोशाचा आवाज मागून भरतात. माणूस उडतो तो दोरीने, आणि ती दोरी संगणकावर पुसून टाकतात. भयपटातली म्हातारी म्हणजे नटावर चढवलेले रंगाचे आणि रबराचे थर. हे करताना दुखापती होतात, ते काम सोपे नाही. पण मार खरा नसतो. आम्ही शाळेत असताना, १९७५ साली १५ ऑगस्टला 'शोले' लागला. पुढे आम्ही तो पाहिला तेव्हा सारा वेळ ठाकूरची शाल पाहत होतो. हात कापले तर माणूस जगला कसा? पुढे कळले, संजीवकुमारचे हात शालीच्या आतच होते. 'शोले' पहिल्या आठवड्यात पडला असेच धंद्यातली माणसे म्हणत होती. मग पाहणाऱ्यांनी उचलला, आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षे चालला.

असो. मग पोराच्या हाती कणकेचा गोळा दिला. म्हटले, "कर बैल." नुकताच पोळा होऊन गेला होता. त्याने बैल केला, एक शिंग मोडके. मावशींनी तो तव्यावर भाजला. पोराने आधी शिंग खाल्ले, मग सगळा बैल खाल्ला. आणखी तीन रात्री तो रडत उठला. चौथ्या रात्री आजीजवळ झोपला. अकराशे रुपये वाचले. काळी कोंबडीही वाचली.

आता एक कामाची गोष्ट. तुम्ही वाचायला शिकला आहात, ती अक्षरे इथे उपयोगी पडतात. थिएटरात पिक्चर सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक कागद दिसतो. ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र. १९५२ च्या कायद्याने ते देतात. त्यावर 'अ' असेल तर अनिर्बंध, म्हणजे लहानथोर सगळ्यांनी पाहावा. 'व' असेल तर वयस्क, म्हणजे अठरा वर्षांवरच्यांनीच पाहावा. 'अव' असेल तर लहान मुलांबाबत आईबापांनी विचार करावा. २०२४ पासून या मधल्या प्रकाराचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले आहेत.

इथे एक फसगत आहे. शेजारी इंग्रजी अक्षरही असते. प्रौढांच्या पिक्चरवर इंग्रजी 'ए' असतो. तंबूसारखे दोन तिरपे खांब, मध्ये आडवी काडी. आपला 'अ' आणि इंग्रजीचा 'ए', दोन्ही आपापल्या भाषेतली पहिली अक्षरे, पण इथे अर्थ अगदी उलटे! मावशींना शेजारच्या पोरांनी 'ए पिच्चर आहे' असे सांगितलेही होते. त्या समजल्या, ए म्हणजे फस किलास. शाळेच्या गुणपत्रकात तसेच असते, त्यांचे काय चुकले? 'तुंबाड' ला हाच 'ए' मिळालेला आहे. थिएटरच्या दारावर माणूस मुलांना अडवतो. घरी मोबाइलला दार नाही. तिथे सुरुवातीला कोपऱ्यात वयाचा आकडा येतो. १८ आकडा तुम्हाला वाचता येतो. तो क्षणभरच दिसतो, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

त्यानंतर पुष्कळ महिन्यांनी मावशींनी स्वतः 'मुंज्या' पाहिला. २०२४ च्या जूनमध्ये आलेला, आदित्य सरपोतदारांचा. मुंज झाल्यावर लगेच मेलेल्या पोराचे भूत आणि ते पिंपळावर राहते, अशी कोकणातली गोष्ट. त्यातले भूत संगणकावर तयार केले आहे. ओट्यावर टोपली टेकवून त्या उभ्या राहिल्या. आम्ही विचारले, "मावशी, कसा होता?"

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "भूत दिसते तवा भेव वाटते, पन् मंग हासू येते. त्याले लगनच कराचं हाये, एवढाच त्याचा हट्ट. पिंपळ, समुद्र, ते सगळं चांगलं दाखवलं. पन् आजीले मारलं ते मले नाई पटलं. ते बिचारी नातवासाठी झटत होती. तिले कायले मारलं?"

ऑटोवाला म्हणाला, "मंग मी पाहू का नको, मावशी?"

"तू पाह्य. पोरीले नको दाखवू. सहाच वर्साची हाये ते."

आणि टोपली डोक्यावर घेऊन त्या निघाल्या.