गच्चीवरची तार आणि बिनमहत्त्वाच्या गप्पा

प्रश्न : आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून नारळाच्या झाडापर्यंत एक तार ताणलेली आहे. वरच्या मजल्यावरचे काका रोज सकाळी यंत्रापुढे बसून 'व्हिक्टर युनिफॉर्म टू' असे काहीतरी पुकारतात. रविवारी त्यांच्या क्लबातली सात-आठ माणसे जमतात. कान देऊन ऐकले, तर बोलणे रोजचे तेच : नाव काय, गाव कोणते, आवाज कसा येतोय, तुमच्याकडे पाऊस आहे का. एकमेकांना 'ओएम' म्हणतात आणि निरोप घेताना 'सेव्हंटी थ्री'. हा आकड्यांचा धंदा तर नव्हे? नसेल, तर खिशात मोबाइल असताना इतके किरकोळ बोलण्यासाठी एवढा खटाटोप कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी शंका फेडून टाकू. काका मटका लावत नाहीत. ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहेत. ७३ हा तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला आकडा. अर्थ एवढाच, की 'शुभेच्छा'. 'ओएम' म्हणजे 'ओल्ड मॅन'. या मंडळींत पुरुष सतरा वर्षांचा असो की सत्तर, तो ओल्ड मॅनच. 'हॅम' हे नाव तीन संस्थापकांच्या आद्याक्षरांवरून पडले, असे कोणी सांगितले तर मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. तारायंत्रावर अडखळणाऱ्या माणसाला सराईत तारवाले हेटाळणीने 'हॅम' म्हणत. हौशी मंडळींनी तीच शिवी पदवीसारखी मिरवली.

दुसरा गैरसमज असा, की हे काम चोरून चालते. तसे नाही. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. विषय दोन : रेडिओचे तंत्र आणि त्याचे नियम. वरच्या श्रेणीसाठी मोर्स लिपीही यावी लागते, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने. उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो आणि त्याबरोबर कॉल साइन. जगात तशी दुसरी नसते. तुम्ही ऐकलेले 'व्हिक्टर युनिफॉर्म' म्हणजे व्ही आणि यू ही अक्षरे. त्यांवरून स्टेशन भारतातले आहे हे कळते. पुढे 'टू' असेल तर माणूस सहसा वरच्या श्रेणीचा, 'थ्री' असेल तर खालच्या. तेव्हा बाजारातून वॉकीटॉकी आणली आणि झालो हॅम, असे होत नाही. परवान्याशिवाय या लहरींवर बोलणे हा गुन्हा आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बोलणे इतके किरकोळ का? गंमत अशी, की ते किरकोळच असावे असे नियम सांगतो! हौशी रेडिओसाठी १९७८ साली केलेल्या भारतीय नियमांत म्हटले आहे, की संभाषण प्रयोगासंबंधीचे तांत्रिक असावे. खासगी बोलायचे तर ते इतके बिनमहत्त्वाचे असावे, की त्यासाठी तार-टेलिफोनची सार्वजनिक सेवा वापरायची गरज पडू नये. धंद्याचा निरोप चालत नाही, गाणी लावता येत नाहीत, गुप्त भाषा तर नाहीच. भुसाराचा भाव विचारला तर नियम मोडला. पाऊस विचारला तर नियम पाळला.

पण 'आवाज कसा येतोय' हा प्रश्न मात्र शिष्टाचाराचा नाही. खरा विषय तोच. उत्तरात 'फाइव्ह नाइन' ऐकू आले असेल. पहिला आकडा पाचपैकी. शब्द किती स्पष्ट कळतात ते सांगणारा. दुसरा नऊपैकी, लहर किती जोरकस आहे ते सांगणारा. हे गुण रोज बदलतात, कारण काकांच्या आणि पलीकडच्या माणसाच्या मध्ये मोबाइलसारखा टॉवर नाही, फक्त आभाळ आहे.

सकाळच्या गप्पा बहुधा ४० मीटर लांबीच्या लहरींवर चालतात. अँटेना लहरीच्या निम्मी लांब असली की उत्तम चालते, म्हणून टाकीपासून नारळापर्यंत सुमारे २० मीटर तार. तिच्यातून निघालेली लहर वर जाते, आयनांबर नावाच्या विद्युतभारित थरावरून परतते आणि शेकडो किलोमीटरवर उतरते. ऊन चढले की खालचा एक थर ही लहर शोषू लागतो; रात्री तो विरतो आणि तीच लहर परदेशात पोचते. म्हणून शेजारच्या जिल्ह्यांशी गप्पांना सकाळ सोयीची. रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकताना आवाज लाटेसारखा चढायचा-उतरायचा, ती आयनांबराचीच करणी. काकांच्या यंत्राची ताकद साधारण १०० वॅट, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. एवढ्या बळावर आज कुठवर पोचलो, हे रोज तपासून पाहणे हाच त्यांचा खेळ.

मोबाइल असताना हे कशाला? मोबाइल टॉवरवर अवलंबून, टॉवर विजेवर आणि केबलवर. यातला एक दुवा तुटला की हातात राहते नुसते घड्याळ. हॅमला लागते एक बॅटरी, एक तार आणि पलीकडे ऐकणारा माणूस. म्हणूनच १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आणि २००१ साली गुजरातमध्ये, हॅमची पथके तिकडे गेली. अशा वेळी नियमही सैल होतो. इतरांचे निरोप पोचवता येतात.

सगळ्यांत बोलके उदाहरण २००४ चे. भारती प्रसाद या हॅमच्या पुढाकाराने एक चमू डिसेंबरात पोर्ट ब्लेअरला गेला होता. उद्देश निव्वळ हौसेचा. अंदमानातून क्वचितच कोणी हॅम बोलतो, त्यामुळे तिथल्या स्टेशनाशी बोलणे झाले हे दाखवणारे कार्ड मिळवायला जगभरचे हॅम टपलेले असतात. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन बंद पडले. कार्डांसाठी लावलेली यंत्रे त्याच दिवसापासून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीकडे कळवू लागली. तारा आधीच बांधलेल्या होत्या, हात सरावलेले होते आणि पलीकडे ऐकणारेही रोजचेच होते.

आता रविवारचा क्लब. हवेतून भेटणाऱ्यांना एकत्र जमायची गरज का पडते? कारण तार एकट्याने चढवता येत नाही. कोणी शिडी धरतो, कोणी जुना संच उघडून बसतो, कोणी परीक्षेला बसलेल्या पोरांकडून मोर्स घोटून घेतो. काही क्लब 'फॉक्स हंट' भरवतात : एकाने छोटे प्रक्षेपक यंत्र झुडपात दडवायचे आणि बाकीच्यांनी हातातल्या अँटेनाने दिशा घेत ते हुडकायचे. खेळ पोरकट वाटेल. पण लहर कुठून येते हे ओळखण्याची सवय त्यातच लागते. अशा मंडळांची देशव्यापी संस्थाही आहे. तिची सुरुवात १९४८ साली महूच्या सैनिकी सिग्नल शाळेत झाली; तेच महू, बाबासाहेबांचे जन्मगाव.

तेव्हा येत्या रविवारी वर जाऊन या. काका चहा देतील आणि न विचारता तासभर समजावूनही सांगतील. तोवर एवढेच करा : त्या तारेवर कपडे वाळत घालू नका. ते बोलत असताना तिला हात लागला तर चांगला चटका बसतो, आणि ओल्या टॉवेलामुळे त्यांचा 'नाइन' गडगडला तर शेजारधर्माला बसेल तो वेगळाच.