वडील परतले म्हणजे मूल सावरले, असे नव्हे

वर्षानुवर्षे दूर असलेला पालक, मग तो आखातात नोकरीला असो, घटस्फोटानंतर वेगळा राहत असो किंवा दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून बसलेला असो, मुलाला वाढवणाऱ्या पालकाच्या मृत्यूनंतर घरी परतला की मुलाचे दुःख आपोआप निम्मे होते, ही समजूत आप्तेष्टांच्या मनात फार पक्की बसलेली असते. त्यामुळे त्यानंतरही मूल गप्प राहिले, चिडचिड करू लागले किंवा जेवेनासे झाले, तर दोष त्याच्या स्वभावाला, मोबाइलला, नाही तर बाहेरच्या बाधेला दिला जातो. रक्ताचे नाते आहे, जुळेल हळूहळू, असे म्हणून पाहुणे तेराव्यानंतर आपापल्या गावी निघून जातात आणि घरात उरतात ती एकमेकांना फारशी न ओळखणारी दोन माणसे. दवाखान्यात अशी मुले येतात ती बहुधा तीन-चार महिन्यांनी, आणि तीही पोटदुखी, डोकेदुखी किंवा 'अभ्यासात लक्ष नाही' अशा तक्रारी घेऊन.

या समजुतीतली मूळ चूक अशी की तीत दोन वेगळी कामे एक मानली जातात. गेलेल्या व्यक्तीचा शोक करणे हे एक काम आहे आणि आलेल्या व्यक्तीशी ओळख करून घेणे हे दुसरे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या अभ्यासकांनी 1999 साली शोकाची जी मांडणी केली तिला द्विप्रक्रिया प्रतिमान म्हणतात. शोकग्रस्त मनुष्य कधी गमावलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी बदललेल्या आयुष्याची नवी घडी बसवण्यात गुंततो, आणि या दोहोंमध्ये त्याचे मन सतत ये-जा करत राहते, असे त्यांचे म्हणणे आहे; ही ये-जा म्हणजेच सावरण्याची वाट होय. परतलेला पालक या दुसऱ्या बाजूला मोडतो. नवे घर, नवी शाळा, स्वयंपाकाची नवी पद्धत, क्वचित नवी सावत्र भावंडेही, हे सारे पहिल्याच महिन्यात मुलापुढे मांडले गेले, तर पहिल्या बाजूसाठी, म्हणजे आईसाठी रडायला, त्याला घरात जागाच उरत नाही.

याखेरीज आणखी एक गुंता असतो आणि नातेवाइकांच्या तो सहसा ध्यानात येत नाही. जो पालक दहा-अकरा वर्षे नव्हता, त्याचा शोक त्या मुलाने एकदा करून झालेला असतो. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने ज्याला संदिग्ध वियोग म्हटले तो हाच, म्हणजे माणूस जिवंत आहे पण हाताशी नाही, त्यामुळे ना सुतक, ना सांत्वन, ना रडायला मान्यता. शाळेच्या स्नेहसंमेलनात रिकामी राहिलेली खुर्ची, अर्जावर 'वडिलांची सही' या ओळीपाशी दरवेळी द्यावे लागलेले स्पष्टीकरण, अशा बारीकसारीक प्रसंगांतून मुलाने तो वियोग एकट्याने पचवलेला असतो. आता तीच व्यक्ती दारात उभी राहते, आणि तीही आई गेल्यामुळे, तेव्हा मुलाच्या मनात आनंदाआधी हिशेब उभा राहतो. शिवाय या नव्या माणसाशी हसून बोलणे म्हणजे गेलेल्या आईशी बेइमानी, असा पेच त्याला पडतो, आणि तो तोंडाने सांगणारे मूल विरळाच.

कोकणातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडेल. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेले आहेत. आईच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी त्याला पोटदुखीसाठी आणले गेले, तोवर दोन ठिकाणी सोनोग्राफी होऊन ती नॉर्मल आलेली होती, आणि जंताचे औषध, पित्ताच्या गोळ्या व एका नातलगाने दिलेला अंगारा असे तिन्ही उपाय करून झालेले होते. वडील कुवेतची नोकरी सोडून आले होते. रजेच्या महिन्यात जेवढा दिसला तेवढाच मुलगा त्यांना ठाऊक होता. 'बाप आला तरी पोराचं तोंड उघडेना,' ही आजीची तक्रार. मुलाशी एकट्याने बोलल्यावर उलगडा झाला तो असा, की आईचा मोबाइल तो रोज चार्ज करून ठेवत असे आणि शाळेतून घरी आला की तिच्या नंबरवर 'आलो' एवढाच मेसेज टाकत असे. घरखर्चाचा ताळमेळ लावताना, कोणी वापरत नाही म्हणून, वडिलांनी त्या नंबरचा रिचार्ज बंद केला, आणि एके दिवशी मेसेजपुढे दोन टिकांऐवजी एकच टिक उमटली. वडिलांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते. रिचार्ज त्याच संध्याकाळी पुन्हा केला गेला. पोटदुखी त्यानंतरही काही आठवडे अधूनमधून येत राहिली, मात्र तिसरी सोनोग्राफी करावी लागली नाही.

मृताला मेसेज पाठवणे हे वेडाचे लक्षण आहे का, असा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. तसे मुळीच नाही. मृत व्यक्तीशी असलेले नाते तोडले म्हणजेच शोक संपतो, हा जुना विचार आता मागे पडला आहे. आईवडील गमावलेली मुले आठवणी, वस्तू आणि मनातल्या मनात होणारे संवाद यांच्या आधारे ते नाते निराळ्या रूपात चालू ठेवतात आणि बहुतेकांना त्याचा आधारच होतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. त्याचप्रमाणे सकाळी रडलेला मुलगा संध्याकाळी मैदानावर क्रिकेट खेळताना खिदळला, तर तो निर्दय ठरत नाही. या वयातले दुःख उमाळ्याउमाळ्याने येते आणि मधल्या काळात मूल अगदी पूर्वीसारखे दिसते. झोपेत आईने हाक मारल्यासारखे वाटणे, तिची ओढणी उशाला घेणे, आई ज्या आजाराने गेली तोच आपल्याला झाल्याची भीती वाटणे, परतलेल्या पालकावर विनाकारण भडकणे, यांपैकी कशालाही घाबरण्याचे कारण नाही. राग तर बहुधा परतलेल्या पालकावरच निघतो, कारण गेलेल्यावर रागावण्याची मुलाची हिंमत होत नाही. शारीरिक तक्रारींची मात्र एकदा नीट तपासणी करून घ्यावी, आणि वजन घटणे, ताप, झोपेतून उठवणारी वेदना किंवा शौचातून रक्त जाणे असे काही असेल तर सारे मनाचेच आहे असे म्हणून ती टाळू नये.

उपचारांच्या नावाखाली जे चालते त्याविषयी थोडे कठोर लिहिणे भाग आहे. उतारा आणि अंगारा यांनी पोट बिघडत नाही हे खरे, पण आईचा आत्मा घुटमळतो आहे असे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगणारा देवऋषी त्याच्या अपराधभावनेत जी भर घालतो ती पुढे उतरवताना महिने जातात. शोकाचे पाच टप्पे समजावणाऱ्या चित्रफितींनीही घोळ वाढवला आहे. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 साली ते टप्पे मांडले ते मृत्यूच्या छायेतील रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून, तेव्हा आपला मुलगा अजून 'स्वीकारा'च्या टप्प्यावर कसा आला नाही, असे कॅलेंडर पाहून विचारण्यात अर्थ नाही. सर्वांत घातक प्रकार घरच्या औषधाच्या डब्यातला. आजोबांना लिहून दिलेली अल्प्राझोलमची अर्धी गोळी 'शांत झोप लागावी' म्हणून नातवाला देणारी घरे थोडी नाहीत. या औषधाची सवय लागते, त्याने स्मरण मंदावते, दारू किंवा इतर गुंगीच्या औषधाबरोबर ते घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो, आणि म्हणूनच भारतात ते अनुसूची एच-1 मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही व विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याला ठेवावी लागते. नैराश्यावरील औषधांची गोष्ट वेगळी. ती या वयात गरजेनुसार दिली जातात, परंतु सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2004 मध्ये दिलेला असल्यामुळे ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत आणि मनाने बंदही करू नयेत.

परतलेल्या पालकाने काय करावे, यावर ग्रंथ लिहिता येईल, पण दवाखान्यातल्या अनुभवात एक प्रश्न बाकी सर्वांपेक्षा जड ठरतो. 'तुम्ही इतकी वर्षे कुठे होता?' हा प्रश्न मूल कधी तरी विचारतेच, कधी भांडणात, कधी रात्री अकरा वाजता पाणी प्यायला उठल्यावर, आणि त्या वेळी दिलेले उत्तर पुढची दोन-तीन वर्षे मुलाच्या मनात घोळत राहते. उत्तर आखूड असावे, खरे असावे आणि त्यात गेलेल्या व्यक्तीवर एका शब्दाचेही खापर नसावे. कर्ज होते म्हणून गेलो, नंतर यायला हवे होते, आलो नाही, ते चुकले, एवढे पुरते. 'तुझ्या आईनेच येऊ दिले नाही' हे वाक्य खरे असले तरी गिळून टाकावे, कारण मृत आई त्यावर स्वतःची बाजू मांडू शकत नाही आणि म्हणून ती बाजू मूल घेते. आजोळच्या मंडळींनाही हाच नियम लागू आहे. जावयाचे जुने पाढे नातवासमोर वाचल्याने मुलीचा कैवार घेतल्यासारखा वाटला, तरी मुलाला रोज ज्याच्यासोबत राहायचे आहे तो माणूस त्यामुळे परका होत जातो.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. 'मला बाबा म्हण' असा आग्रह धरू नये. आईचे फोटो, कपाट, डबे यांची आवराआवर मुलाला विचारल्याशिवाय करू नये, आणि शक्यतो पहिले वर्षभर शाळा व घर बदलू नये. समोरासमोर बसवून 'बोल मोकळेपणाने' म्हटल्याने या वयातले मूल मोकळे होत नाही. बाजाराला जाताना, पंक्चर काढून आणताना, भाजी निवडताना, म्हणजे नजर दुसरीकडे असताना ते बोलते. चाळिसावा, वर्षश्राद्ध, आईचा वाढदिवस अशा दिवशी दुःख उसळून येते आणि त्या दिवशी पालकाने कामाचे निमित्त काढून बाहेर जाऊ नये. 'दहावीचे वर्ष आहे, आता विसर' हा उपदेश तर पूर्ण बंद व्हावा. अपराधभावनेतून सोळाव्या वर्षी गिअरची मोटारसायकल घेऊन देणाऱ्या वडिलांना एवढेच सांगणे आहे, की त्या वयात तिचा परवाना मिळत नाही, आणि अल्पवयीन मुलाने केलेल्या वाहन गुन्ह्यासाठी कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीपासून पालकालाच शिक्षा होऊ शकते.

प्रत्येक परतणे स्वागतार्ह असते असेही नव्हे. दूर गेलेला पालक मारहाण, व्यसन किंवा लैंगिक छळ यांमुळे दूर ठेवला गेला असेल, तर रक्ताच्या नात्याची दुहाई देऊन मुलाला त्याच्या हवाली करणे हा अपराध आहे. पालकत्वाच्या वादात न्यायालय मुलाचे हित सर्वोपरी मानते, आणि 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार समंजस वयाच्या मुलाची पसंतीही विचारात घेऊ शकते, हे आजोळच्या लोकांनी लक्षात ठेवावे. अशा प्रसंगी 1098 या बालमदत क्रमांकावर मूल स्वतःही फोन करू शकते.

आता धोक्याच्या खुणा. 'मला आईकडे जायचंय' हे वाक्य ऐकून पालक एक तर हादरतात, नाही तर हसण्यावारी नेतात, आणि दोन्ही चुकीचे आहे. हे वाक्य बहुतेक वेळा तिला भेटण्याच्या ओढीचे असते, पण कधी ते मरण्याच्या इराद्याचेही असते, आणि फरक कळायचा एकच मार्ग आहे: 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारणे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हा गैरसमज आहे. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, गोळ्या साठवणे, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून मनगट झाकणे, मरण्याच्या पद्धती मोबाइलवर शोधणे, जीव घे असे सांगणारे आवाज ऐकू येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, मुलाला एकटे सोडू नये आणि घरातले कीटकनाशक व औषधे कुलपात ठेवावीत. तातडी एवढी नसली, पण मृत्यूला सहा महिने उलटूनही जवळजवळ रोज तीच तीव्र ओढ, तोच सुन्नपणा, शाळा सुटलेली, मित्र तुटलेले, असे चित्र असेल, तर तो दीर्घकालीन शोकविकार असू शकतो; अमेरिकी मनोविकार संघटनेने 2022 मध्ये या निदानाला स्थान देताना प्रौढांसाठी बारा, तर मुले आणि किशोरांसाठी सहा महिन्यांची मर्यादा ठरवली आहे. दारू किंवा तंबाखूची नवी सवय ही सहा महिने वाट पाहण्याची गोष्ट नव्हे.

टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. तिथे येताना सहा नातेवाईक आणू नयेत. मुलासोबत एकच मोठे माणूस असावे, आणि डॉक्टरांनी 'तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा' असे म्हटल्यास रागावू नये. मुलाने सांगितलेले गुपित जिवाला धोका नसेल तोवर त्याच्या संमतीशिवाय सहसा बाहेर सांगितले जात नाही, आणि आत काय बोलणे झाले हे घरी गेल्यावर खोदून विचारू नये. जुन्या तपासण्यांचे कागद आणि घरी दिलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत, आजोबांच्या डब्यातली त्यात धरून.