पत आणि नाव : रोल्स-रॉइस या मोटारगाडीच्या पेढीचा अभ्यास

व्यापाऱ्याचे भांडवल दोन प्रकारचे असते. रोकड, माल, गुदाम, तराजू-वजने हे पहिल्या प्रकारचे. ते चोपडीत जमेस धरता येते आणि दिवाळीला नवी वही घालण्यापूर्वी मोजताही येते. दुसरे भांडवल म्हणजे पत. तिचे खाते कोणत्याच खतावणीत नसते. परंतु परगावच्या व्यापाऱ्याने नमुना न पाहता केवळ पेढीच्या नावावर शंभर पोती मागवली, म्हणजे ते खाते किती जुने आहे हे कळून येते.

या दुसऱ्या भांडवलाचा अभ्यास करावयाचा, तर आपल्या धान्यबाजाराबाहेरचे उदाहरण घेणे बरे. घरच्या उदाहरणात आपपरभाव शिरतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही इंग्लंडातील रोल्स-रॉइस या मोटारगाडीच्या पेढीचा इतिहास घेतला आहे. ही गाडी आम्ही घेतलेली नाही व घेण्याचा मानसही नाही. परंतु जिचे नाव उत्तम वस्तूची उपमा म्हणून शंभराहून अधिक वर्षे जगभर घेतले जाते, ती पेढी कशी उभी राहिली, कशी बुडाली, आणि बुडाल्यानंतरही तिच्या नावाचे मोल कसे झाले, हे आपल्या सभासदांनी व त्यांच्या मुलाबाळांनी समजून घेण्याजोगे आहे.

गिरणीवाल्याचा मुलगा

या पेढीचा एक संस्थापक पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा होता, हे वाचून आम्हांस साहजिकच आपलेपणा वाटला. हेन्री रॉइस याचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी पीटरबरो शहराजवळील ॲलवॉल्टन या खेड्यात झाला. बापाचा धंदा बुडाला, कुटुंब लंडनला आले आणि १८७२ साली बाप वारला. तेव्हा हेन्री नऊ वर्षांचा होता. त्याने वृत्तपत्रे विकली, तारा पोचवल्या. शाळा अगदी अल्प झाली. पुढे मावशीच्या मदतीने रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. परंतु तीन वर्षांनी तिचे पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट राहिले.

१८८४ साली रॉइसने शिलकीतले २० पौंड व अर्नेस्ट क्लेरमाँट या भागीदाराचे ५० पौंड एवढ्या भांडवलावर मँचेस्टर येथे विजेच्या किरकोळ वस्तू बनवण्याचा धंदा मांडला. प्रारंभी दारावरच्या घंटा व दिव्यांचे सामान, मग डायनॅमो, पुढे विजेच्या याऱ्या, अशी पायरीपायरीने वाढ झाली. चाळिशीच्या सुमारास त्याने एक जुनी फ्रेंच मोटारगाडी विकत घेतली. तिची घडण त्याच्या मनास येईना. तेव्हा त्याने स्वतःच तीन गाड्या बनवण्यास घेतल्या. त्यांपैकी पहिली १ एप्रिल १९०४ रोजी रस्त्यावर आली. तिच्यात अपूर्व असा शोध नव्हता. प्रत्येक भाग मात्र असायला हवा तसा होता, आणि त्यामुळे गाडी त्या काळच्या मानाने फारच निःशब्द चालत असे.

बनवणारा, विकणारा व सांभाळणारा

दुसरा संस्थापक चार्ल्स रोल्स हा उमरावाचा मुलगा. त्याचा जन्म १८७७ सालचा. शिक्षण ईटन व केंब्रिज येथे. तो लंडनमध्ये परदेशी मोटारगाड्या विकत असे आणि विकण्याजोगी चांगली इंग्रज गाडी मिळत नाही, ही त्यास खंत होती. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात या दोघांची भेट झाली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला करार झाला: रॉइसने गाड्या बनवाव्यात, रोल्सने त्या सगळ्या घ्याव्यात, आणि त्या दोघांच्या जोडनावाने विकल्या जाव्यात. १५ मार्च १९०६ रोजी कंपनीची रीतसर नोंद झाली.

एक कारागीर, दुसरा श्रीमंतांच्या ओळखीचा विक्रेता. भागीदारी यापेक्षा चांगली जुळणे कठीण. तथापि वर्णन येथेच थांबवले तर तिसऱ्या माणसावर अन्याय होईल. क्लॉड जॉन्सन हा रोल्सचा सहकारी. रोल्स व रॉइस या दोन नावांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे आपण, असे तो विनोदाने म्हणवून घेई, आणि ते खरेही होते. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स वयाच्या ३२व्या वर्षी मृत्यू पावला. १९११ साली रॉइस गंभीर आजारी पडला. त्यानंतर तो कारखान्यापासून दूर, दक्षिण फ्रान्समध्ये व इंग्लंडच्या समुद्रकाठी राही. आराखडे तेथे त्याच्या नजरेखालून जात. अशा वेळी पेढी चालवली ती जॉन्सनने. प्रत्येक पेढीत असा एक माणूस असतो, ज्याचे नाव पाटीवर नसते आणि ज्याच्यावाचून पाटी टिकत नाही.

एकच माल, आणि त्याची परीक्षा

१९०६ साली रॉइसने सहा सिलिंडरांची, सात लिटरांहून थोड्या मोठ्या इंजिनाची नवी गाडी तयार केली. तिच्यापैकी एक गाडी १९०७ साली चंदेरी रंगाने रंगवून तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ असे नाव दिले. जॉन्सनने ती परीक्षेस उतरवली. मोटार क्लबाच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली लंडन ते ग्लासगो अशा खेपा सुरू झाल्या. प्रारंभी एकदा पेट्रोलची तोटी हादऱ्याने बंद होऊन गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३,००० किलोमीटर, ती बिघाडामुळे एकदाही थांबली नाही. त्या काळी मोटारगाडी रस्त्यात बंद पडणे ही नित्याची गोष्ट होती, हे येथे ध्यानात ठेवावे. पुढे सारी गाडी उकलून भाग तपासले, तेव्हा ती नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या भागांची किंमत २ पौंड, २ शिलिंग व ७ पेन्स इतकीच भरली.

जाहिरात कशी असावी, याचा हा वस्तुपाठ होय. स्वतःच्या तोंडाने माल उत्तम म्हणणे सोपे; तराजू परक्याच्या हाती देणे कठीण. त्याहून महत्त्वाचा निर्णय १९०८ सालचा. इतर सर्व प्रकारच्या गाड्या बंद करून केवळ हीच एक गाडी बनवावी, असे जॉन्सनने ठरवले. त्याच वर्षी डर्बी येथे नवा कारखाना सुरू झाला. दुकानात सतरा प्रकारचा माल ठेवण्याचा मोह सोडून एकच माल उत्तम ठेवण्याचे हे धोरण १९२२ पर्यंत चालले. १९२६ पर्यंत, अमेरिकेतील शाखेत बनलेल्या धरून, ‘सिल्व्हर घोस्ट’च्या सात हजार आठशेहून अधिक गाड्या झाल्या.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांस ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही पेढी इंजिन, चाके व सांगाडा एवढेच विकत असे. वरची बैठक गिऱ्हाईक आपल्या आवडीप्रमाणे निराळ्या कारागिराकडून बांधून घेई. सोन्यामोत्यांचा डामडौल गिऱ्हाइकाचा. पेढीची पत होती ती आतल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या भागावर.

आपल्या मुलखाशी संबंध

या गाडीची हिंदुस्थानातील एक आरंभीची परीक्षा आपल्याच मुलखात झाली. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारगाड्यांची कसोटी ठेवण्यात आली. एकंदर पल्ला सुमारे ६२० मैलांचा, रस्ता सह्याद्रीच्या घाटांचा. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस त्यात बिघाडावाचून यशस्वी झाली आणि ती गाडी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी विकत घेतली. पुढे संस्थानिकांकडून मागणी वाढत गेली. हैदराबादच्या निजामासाठी बनलेली पिवळी, आत सिंहासनासारखी बैठक असलेली गाडी तेथील चौमहल्ला राजवाड्यात ठेवली आहे. हैदराबादवासी सभासदांनी ती पाहिली असेल.

विक्रेत्याने अपमान केला म्हणून अमुक महाराजांनी या गाड्या कचरा वाहण्यास लावल्या, ही कथाही सर्वांनी ऐकलेली असते. ती निरनिराळ्या संस्थानिकांच्या नावावर सांगतात. लेखी पुरावा कोणाचाच दाखवत नाहीत. आम्ही ती खरी धरत नाही. परंतु नाव फार मोठे झाले की त्याभोवती अशा कथा जमतात, एवढाच तिचा अर्थ.

ठोक भावाचा सौदा

पहिल्या महायुद्धापासून पेढीने विमानांची इंजिने बनवण्यास आरंभ केला. १९१९ साली ॲल्कॉक व ब्राऊन यांनी विमानाने अटलांटिक महासागर प्रथमच न थांबता ओलांडला, तो याच इंजिनांवर. २२ एप्रिल १९३३ रोजी रॉइस निवर्तला. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांस याच पेढीचे ‘मर्लिन’ इंजिन होते. हळूहळू विमानइंजिन हा मुख्य धंदा झाला व मोटारगाडी हा लहान भाग उरला. १९४६ पासून गाड्या क्रू या गावी बनू लागल्या.

१९६८ साली पेढीने अमेरिकेतील लॉकहीड कंपनीशी एक करार केला. त्यांच्या नव्या प्रवासी विमानास ‘आरबी २११’ हे इंजिन पुरवावयाचे. भाव आधीच बांधलेला. आणि इंजिन मात्र अजून तयार व्हावयाचे होते. कार्बनच्या तंतूंपासून हलकी पाती बनवण्याचा बेत होता. उडता पक्षी आदळल्यास काय होईल, या चाचणीत ती पाती टिकली नाहीत. पाती धातूची करावी लागली. तयारीचा खर्च अंदाजाच्या दुपटीवर गेला, परंतु भाव तोच राहिला. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइसने दिवाळे जाहीर केले. सारे इंग्लंड हादरले. सरकारला इंजिनाचा धंदा स्वतःच्या ताब्यात घ्यावा लागला. लॉकहीडने पुढे वाढीव भाव मान्य केला आणि इंजिनही उत्तम निघाले. परंतु तोवर जुनी पेढी उरली नव्हती.

ठोक भाव म्हणजे काय, हे धान्याच्या व्यापाऱ्यांस समजावून सांगणे नको. आमच्या बाजारातील एका जुन्या पेढीने वर्षभराच्या तूरडाळीचा एकच भाव बांधून दिला होता. पाऊस रुसला, आवक निम्म्यावर आली, भाव चढत गेला. मालकांनी एक गुदाम विकले, परंतु शेवटचे पोते ठरल्या भावाने पोचते केले. आजही त्या पेढीच्या शब्दावर माल सुटतो. हे त्यांस साधले, कारण सौदा एका गुदामाएवढा होता. डर्बीच्या पेढीचा सौदा सबंध पेढीहून मोठा होता. मालाचा उत्तमपणा व हिशेबाचा काटेकोरपणा या दोन निराळ्या विद्या आहेत. एकीत पारंगत असलेल्यास दुसरी आपोआप येते असे नाही.

नाव एकीकडे, कारखाना दुसरीकडे

यापुढचा भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. दिवाळ्यानंतर मोटारगाडीचा धंदा इंजिनाच्या धंद्यापासून वेगळा काढण्यात आला. १९७३ साली त्याचे भाग बाजारात विकले गेले. १९८० साली तो व्हिकर्स कंपनीने घेतला. १९९८ साली व्हिकर्सने तो विकावयास काढला, तेव्हा फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने ४३ कोटी पौंड देऊन बोली जिंकली. कारखाना, यंत्रे, कारागीर, गाडीच्या तोंडावरील प्रसिद्ध पुतळीचा हक्क, सारे तिला मिळाले.

एक गोष्ट तेवढी मिळाली नाही: रोल्स-रॉइस हे नाव. विभागणीच्या वेळी नावाची मालकी इंजिनवाल्या कंपनीकडे राहिली होती. तिने गाडीसाठी ते वापरण्याचा हक्क ४ कोटी पौंडांस बीएमडब्ल्यू या दुसऱ्या जर्मन कंपनीस दिला. अखेर तडजोड झाली. २००२ सालच्या अखेरपर्यंत फोक्सवॅगनने गाड्या बनवाव्यात. १ जानेवारी २००३ पासून नाव व पुतळी बीएमडब्ल्यूकडे जावी. फोक्सवॅगनकडे क्रूचा कारखाना व बेंटली ही गाडी राहावी. त्याप्रमाणे बीएमडब्ल्यूने गुडवुड येथे सर्वस्वी नवा कारखाना उभारला. रॉइसने अखेरची वर्षे ज्या वेस्ट विटरिंग गावी घालवली, त्यापासून हे ठिकाण काही मैलांवर आहे. २०२३ साली तेथून ६,०३२ गाड्या विकल्या गेल्या. त्याच वर्षी विजेवर चालणारी पहिली रोल्स-रॉइसही गिऱ्हाइकांस मिळू लागली; विजेच्या घंटा बनवणाऱ्या रॉइसला तिचे नवल वाटले नसते.

जुने कारागीर एकाकडे राहिले, नाव दुसऱ्याकडे गेले; आणि गिऱ्हाईक नावामागे गेले. मात्र नव्या मालकाने नावाखाली हलका माल दिला असता, तर ते किती दिवस मागे राहिले असते?

आपल्यापुरता विचार

आपल्या अनेक पेढ्या आज तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहेत. भावाभावांत वाटण्या होतात. गुदाम एकाचे, दुकान दुसऱ्याचे, जमीन तिसऱ्याची, असे कागद तपशीलवार होतात. त्यांत पणजोबांच्या नावाने चाललेल्या पेढीचे नाव कोणी वापरावे, यावर एक ओळही नसते. मग एकाच नावाच्या दोन पाट्या समोरासमोर लागतात, एकाच्या मालाचा वांधा दुसऱ्याच्या दारी येतो, आणि दिवाळीला एका पंक्तीस बसणारे चुलतभाऊ कचेरीत तारखा मोजतात. यासाठी आमची नम्र सूचना अशी, की वाटणीच्या कागदात पहिले कलम नावाचे असावे. ते कोणाचे, कोणत्या मालासाठी, आणि मालाचा कस कोण पाहणार, हे वडीलधाऱ्यांनी आपल्या हयातीतच लिहून ठेवावे.

दुसरी सूचना तरुणांस. ज्यात वडिलोपार्जित पेढी सबंध गुंतेल असा सौदा, नफा कितीही दिसला तरी, करू नये. आणि तिसरी सर्वांसच. रॉइसने आपल्या घरातील शेकोटीच्या वर लॅटिन भाषेत एक वचन कोरून घेतले होते. काम कितीही हलके असो, ते नीट केले तर थोरच होय, असा त्याचा आशय. डाळ निवडणे, पोते शिवणे, वजनाचा काटा पुसणे ही कामे मोटारगाडीच्या इंजिनाहून लहान खरी. परंतु परगावचा व्यापारी आपले नाव वाचून न उघडता जे पोते उचलतो, त्याची शिवण याच कामांनी घातलेली असते.