विमानाचे इंधन आणि गडहिंग्लजचा ऊस

हिरण्यकेशीकाठच्या गडहिंग्लज तालुक्यात ऊसतोड सुरू झाली म्हणजे साखर आणि गूळ यांचा विचार मनात येतो. विमानाचा सहसा येत नाही. तथापि केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ साली १ टक्का व २०२८ साली २ टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट ठरविले आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल तसेच मिसळता येते. विमानास ते चालत नाही. वजनाच्या मानाने त्याची उष्णता कमी पडते. म्हणून त्यातील प्राणवायू पाण्याच्या रूपाने काढून, उरलेले रेणू एकमेकांस जोडून रॉकेलच्या जातीचे इंधन बनविता येते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीस गेलेल्या प्रवासी विमानात देशी कच्च्या मालापासून बनविलेले जैवइंधन अल्प प्रमाणात वापरले होते.

इथेनॉलला नवे गिऱ्हाईक मिळेल, हे खरे. परंतु पाऊस अपुरा झाल्यामुळे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले; ऑगस्ट २०२४ मध्ये ते पुढील हंगामासाठी उठविले. साखर न घटविता इथेनॉल द्यावयाचे तर शेवटची मळी आणि पाचट हाच मार्ग प्रस्तुत लेखकास भरवशाचा वाटतो. पाचट तर आजही पुष्कळ शेतांत जाळलेच जाते.