डोळे उघडे, पण लक्ष कोठें?

मुळशी तालुक्यांतील जांबे हें गांव हिंजवडीच्या आयटी पार्कापासून फार दूर नाहीं. ज्या वाटांनीं एके काळीं बैलगाड्या जात, त्या वाटांनीं आज मोटारी, डंपर व मोटारसायकली धांवतात. मागें एकदां सायंकाळीं त्या बाजूस गेलों असतां आम्हीं एक प्रसंग पाहिला. एक तरुण मोटारसायकलीवरून फोनवर बोलत येत होता. एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडीत होती. लोकांनीं ओरड केली म्हणून ती थोडक्यांत वांचली. भारा मात्र रस्त्यावर पडून विखुरला. तरुण थरथर कांपत म्हणाला, "आजी, खरंच सांगतो, तुम्ही मला दिसलांच नाहीं." जमलेल्यांपैकीं एक वडील माणूस रागानें म्हणाला, "अरे, एवढा मोठा भारा, आणि दिसला नाहीं म्हणतोस? खोटं बोलूं नको."

आम्हांसही त्या वेळीं तसेंच वाटलें. पुढें ह्या विषयाचा अभ्यास केल्यावर कळलें कीं, तो तरुण बहुधा खरेंच बोलत होता. आणि भिण्यासारखी गोष्ट हीच आहे. ती कशी, हें आजच्या पाठांत पाहूं.

१. डोळ्यांतील रिकामी जागा. प्रथम घरीं एक लहानसा प्रयोग करावा. काळ्या घोंगडीवर ज्वारीचे दोन दाणे एका ओळींत, चार बोटांच्या अंतरानें ठेवावे. डावा डोळा झांकून उजव्या डोळ्यानें डावीकडील दाण्याकडेच एकसारखें पाहावें, आणि हातभर अंतरावरून तोंड हळूहळू जवळ न्यावें. सुमारें सव्वा वितीवर येतांच उजवीकडील दाणा नाहींसा होतो. आणखी जवळ गेल्यावर पुन्हां दिसतो. ह्याचें कारण असें कीं, डोळ्याच्या आंतील पडद्यावर जेथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते, तेथें प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशी नाहींत. परंतु त्या ठिकाणीं आपणांस भोंक दिसत नाहीं. मेंदू तेथें घोंगडीचाच काळा रंग भरून टाकतो. म्हणजे आपणांस दिसत नाहीं एवढेंच नव्हे, तर दिसत नाहीं हेंही कळत नाहीं.

२. मनाचें अवधान. डोळ्यांत प्रतिमा उमटली, तरी मन तिकडे नसेल तर ती वस्तु आपणांस कळेलच असें नाहीं. अमेरिकेंतील सायमन्स व शाब्री ह्या मानसशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं माणसें चेंडू एकमेकांकडे देत आहेत, असें चलच्चित्र दाखवून त्यांनीं प्रेक्षकांस चेंडू किती वेळां दिला गेला तें मोजावयास सांगितलें. खेळ चालूं असतां गोरिला वानराचा वेष घेतलेली एक व्यक्ति मधून चालत गेली. मोजण्यांत गुंतलेल्या सुमारें निम्म्या लोकांस ती दिसलीच नाहीं! त्यांचे डोळे उघडे होते, निरोगी होते. पण मन मोजणीनें भरून गेलें होतें.

आपल्या तरुणाचें मन असेंच फोनवरील बोलण्यानें भरलें होतें. २००१ सालीं यूटा विद्यापीठांतील संशोधकांस असें आढळलें कीं, फोनवर बोलत असतां प्रयोगशाळेंतील नकली वाहन चालविणाऱ्यांकडून सिग्नल न दिसण्याचें प्रमाण सुमारें दुप्पट होतें. आणि फोन हातांत असो वा नसो, त्यानें फरक पडत नाहीं. दोष हाताचा नव्हे, अवधानाचा. ताशीं ४० किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदांत ११ मीटर जाते. दोन सेकंद मन दुसरीकडे गेलें, कीं २२ मीटर रस्ता आंधळ्यासारखा कापला गेला.

३. वडाळ्याचा धडा. कोणी म्हणेल, "लक्ष द्या, असें बजावलें म्हणजे झालें." परंतु नुसतें बजावणें पुरत नाहीं, हें मुंबईंतील वडाळ्याच्या उदाहरणावरून दिसतें. तेथें रूळ ओलांडतांना पुष्कळ माणसें लोकल गाडीखालीं मरत. २०१० सालाच्या सुमारास मध्य रेल्वेनें फायनलमाइल ह्या संस्थेच्या साहाय्यानें तेथें तीन उपाय केले. मोठी वस्तु खऱ्या वेगापेक्षां सावकाश येत आहे असें डोळ्यांस भासतें. म्हणून रुळांखालील कांहीं स्लीपर पिवळे रंगविले. गाडी ते पिवळे पट्टे एकामागून एक झांकीत येते, तेव्हां तिचा वेग ध्यानांत येतो. दुसरें, एका लांब शिट्टीच्या ऐवजीं दोन तुटक शिट्ट्या देण्याची सूचना केली. मधल्या शांततेमुळें कान सावध होतो. तिसरें, गाडीखालीं सांपडणाऱ्या माणसाच्या भयभीत चेहऱ्याचीं चित्रें लावलीं. त्यानंतर तेथील मृत्यु पुष्कळच घटले. लोकांस मूर्ख न म्हणतां त्यांच्या डोळ्यांस व कानांस मदत केली, हें ह्या उपायांचें मर्म होय.

४. आपण काय करावें? वाहन चालवितांना फोन आला तर कडेस थांबूनच बोलावें. रस्ता ओलांडणाऱ्यानें "त्यानें मला पाहिलें असेल" असें कधींही धरून चालूं नये. वाहनाचा वेग उतरलेला दिसला, तरच पाऊल टाकावें. तिन्हीसांजेस डोक्यावर भारा असेल तर त्यास पांढरें फडकें बांधावें. वळणावर झाडझाडोरा वाढला असेल तर गांवकऱ्यांनीं तो तोडावा, आणि गतिरोधक व पांढरे पट्टे ह्यांविषयीं ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा.

त्या तरुणास खोटारडा म्हणणें ही आमची चूक होती. परंतु "दिसलें नाहीं" ही सबबही नव्हे. त्याचें मन कोणीं चोरून नेलें नव्हतें. रस्त्यावर द्यावयाचें लक्ष त्यानें स्वतःच दुसरीकडे दिलें होतें. त्या सायंकाळीं त्यानें खालीं बसून गवताची काडी न् काडी गोळा केली व भारा आजींच्या घरीं पोंचविला. दर वेळीं असा भारा उचलून देण्यावर भागत नाहीं.

उपदेशक बंधूंनीं दाण्यांचा प्रयोग मंडळीपुढें करून दाखवावा व हे प्रश्न विचारावे: (१) दाणा नाहींसा होतो तेव्हां त्या जागीं काय दिसतें? (२) वडाळ्यास स्लीपर पिवळे कां रंगविले? (३) आपल्या गांवांत "दिसलेंच नाहीं" असें म्हणण्याची पाळी कोणत्या ठिकाणीं येऊं शकेल?