हुन्नर तोच, गिऱ्हाईक गेले
राणी व्हिक्टोरियाच्या काळातील एका इंग्रजी खेड्याचा हिशेब

इंग्लंड म्हटले की आपल्यासमोर मँचेस्टरच्या गिरण्या आणि लंडनचा बाजार उभा राहतो. आम्हा कापडवाल्यांच्या घरात तर मँचेस्टरचे नाव वडील-आजोबांच्या तोंडून ऐकतच आम्ही मोठे झालो. त्या गिरण्यांनी आपल्या विणकरांचे काय केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच काळात खुद्द इंग्लंडच्या खेड्यातील कारागिरांचे काय झाले, हा प्रश्न आपण कधी विचारीत नाही. तो विचारण्यासारखा आहे. राज्य त्यांचे, यंत्रे त्यांची, तरीही त्यांच्या कारागिरांचे हात रिकामे झालेच. कोणाचे झाले, कोणाचे झाले नाहीत आणि का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

राणी व्हिक्टोरियाचे राज्य १८३७ ते १९०१ पर्यंत चालले. या काळातील खेड्यांची माहिती मिळविणे अवघड नाही. दर दहा वर्षांनी जनगणना होत असे. १८५१ पासून प्रत्येक घरातील माणसांची नावे, वय, कुटुंबप्रमुखाशी नाते, धंदा आणि जन्मगाव लिहिले जाई. शेतमालकाच्या नावापुढे जमीन किती एकर आणि मजूर किती, याचीही नोंद होई. त्याच १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये शहरातील वस्ती पहिल्यांदा खेड्यांपेक्षा किंचित जास्त भरली.

या वह्यांत एक दोष मात्र होता. बायकांची कमाई त्यांत बऱ्याच वेळा लिहिलीच जात नसे. नवऱ्यापुढे ‘शेतमजूर’ लिहिले की काम संपले. बायको घरात बसून लेस विणते आणि त्या पैशांतून घरभाडे जाते, हे वहीत येत नसे.

एक वस्ती, एक मालक

उदाहरणासाठी आपण एक खरे गाव घेऊ. ऑक्सफर्डशायरमध्ये ज्युनिपर हिल नावाची एक लहान वस्ती आहे. फ्लोरा थॉम्पसन या लेखिकेचा जन्म तेथे १८७६ मध्ये झाला. वडील गवंडी होते. १९३९ ते १९४३ या काळात तिने आपल्या बालपणावर तीन पुस्तके लिहिली. पुढे ती ‘लार्क राइज टु कँडलफर्ड’ या नावाने एकत्र निघाली. माणसांची आणि गावांची नावे तिने बदलली, पण धंदे, मजुरी, उधारी यांचे वर्णन इतके नेमके आहे की इतिहासाचे अभ्यासकही त्याचा आधार घेतात.

वस्तीत तीसेक घरे आणि एक दारूचा गुत्ता. हमरस्त्यावरच्या मैलाच्या दगडावर ‘ऑक्सफर्ड १९ मैल’ असे लिहिलेले. पण ते शहर कधी न पाहिलेली माणसे वस्तीत भरपूर होती. दोन-तीन अपवाद सोडले तर सगळे पुरुष एकाच शेतमालकाकडे कामाला जात. पूर्वी असे नव्हते. आसपासचे माळरान मोकळे होते तेव्हा गरिबाचीही एखादी गाय, चार बदके त्यावर चरत. पुढे माळाला कुंपणे पडली, जमीन मोठ्या मालकांकडे गेली आणि स्वतःचे थोडेफार असलेला माणूस निव्वळ मजूर झाला.

१८८० च्या दशकात येथे मजुरी आठवड्याला १० शिलिंग होती. गाडीवान, मेंढपाळ यांना एखाद-दोन शिलिंग जास्त. त्या काळी २० शिलिंगांचा एक पौंड होई. म्हणजे महिन्याला दोन पौंडांच्या आसपास कमाई, आणि घरात खाणारी तोंडे सहा-सात. घरभाडे वजा करून जे उरे, त्यात पाव, चहा, साखर, कोळसा आणि बूट.

व्यापाऱ्याने हा हिशेब आधी डोक्यात ठेवावा. गावात पाववाला येवो, मोची असो किंवा शिंपी असो, त्यांची सर्वांची विक्री शेवटी या १० शिलिंगांतूनच होणार होती. शेतमालकाची एक थैली उघडली की सगळ्या गावाचा बाजार चाले. ती आवळली की सगळ्यांचा थांबे.

उधारीची रीत

पैसा वर्षातून एकदा मोकळा होई, तो कापणीच्या हंगामात. तेव्हा जादा काम आणि जादा मजुरी मिळे. वर्षभराची थकलेली देणी, विशेषतः मोच्याचे बिल, त्या पैशांतून फिटत. मोच्याला चामडे आधी विकत घ्यावे लागे आणि पैसे हंगामानंतर मिळत. म्हणजे खरे भांडवल त्याचेच अडकलेले असे. आपल्या बाजारात उधारीवर माल देणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

कापणी झाल्यावर बायका-मुले शेतात पडलेली कणसे वेचीत. ते धान्य गिरणीवाल्याकडे जाई आणि तो दळणावळ पैशांत न घेता पिठातून आपला वाटा काढून घेई. घरोघरी एक डुक्कर पाळलेले असे. आपल्याला ते वर्ज्य असले तरी हिशेब पाहण्यासारखा आहे. मजुराची बचत काय ती तेवढीच. पण खाद्य उधारीवर आणल्यामुळे अनेकदा अर्धे जनावर आधीच गिरणीवाल्याच्या किंवा खाटकाच्या नावावर गेलेले असे. वाढविण्याची मेहनत घरच्यांची, अर्धा माल दुसऱ्याचा.

एकदा शहरातून एक विक्रेता हात-तोंड धुण्याचे लाकडी स्टँड आणि जस्ताचे टब घेऊन आला. आठवड्याच्या हप्त्याने माल मिळतो म्हटल्यावर एकीचे पाहून दुसरीने घेतला. पण १० शिलिंगांत हप्ता बसणार कोठे? काही आठवड्यांतच हप्ते चुकू लागले. गिऱ्हाईक लबाड नव्हते. विक्रेत्याने घेणाऱ्याची हौस पाहिली, कमाई पाहिली नाही.

गावातील कारागीर

आता त्या काळच्या इंग्रजी खेड्यांतील नेहमीचे धंदे पाहू. प्रत्येक लहान वस्तीत सगळे कारागीर नसत, पण दोन-चार मैलांच्या टापूत ते सापडत. लोहार व नालबंद, सुतार, गाडीची चाके करणारा, मोची, शिंपी, गिरणीवाला, पाववाला, खोगीर-लगाम करणारा आणि किराणा दुकानदार. व्यापारी माहितीच्या जुन्या पुस्तकांत एकाच माणसाच्या नावापुढे दोन-दोन धंदे आढळतात. किराणावालाच कापड विके. सुतारच मयताची पेटी करी आणि दफनाची व्यवस्था पाही. लहान गावात एका धंद्यावर पोट भरत नसे.

चाके करणाऱ्याचे काम पाहण्यासारखे होते. मधल्या तुंब्याला एल्मचे लाकूड, आऱ्यांना ओक, कडेच्या वाकड्या तुकड्यांना ॲश. एल्म चिरत नाही, ओक भार सोसतो, ॲश धक्का सोसतो. लाकूड कापून वर्षानुवर्षे वाळत ठेवावे लागे. चाक तयार झाले की लोहार लोखंडी धाव तापवून त्यावर बसवी आणि लगेच पाणी ओती. लोखंड आकसले की सगळे सांधे आवळले जात. दोन कारागिरांची मेहनत एकत्र आल्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नसे.

तीन धंदे बसले

पहिला धंदा हातविणीच्या लेसचा. बेडफर्डशायर, बकिंगहॅमशायर, नॉर्थॅम्प्टनशायर आणि त्याला लागून असलेल्या या भागात बायका उशीवर टाचण्या टोचून आणि बॉबिनवर सूत गुंडाळून लेस करीत. लहान मुली त्यासाठीच्या शाळांत बसत. फ्लोराने आपल्या वस्तीतील एका म्हाताऱ्या लेसवालीचे वर्णन केले आहे. वर्षभर काम करून तयार झालेली लेस ती पूर्वी बॅनबरीच्या जत्रेत व्यापाऱ्याला विकी आणि त्या रकमेवर घराला आधार मिळे. पण नॉटिंगहॅमला जाळीची यंत्रे १८०९ च्या सुमारासच निघाली होती. पुढे त्यांवर नक्षीही उतरू लागली आणि हातलेसचा भाव पडत गेला. फ्लोरा लहान होती तेव्हा म्हातारी अजूनही उशी घेऊन बसे, पण घेणारा व्यापारी उरला नव्हता. तिच्या बोटांतला हुन्नर तिळभर कमी झाला नव्हता.

दुसरा धंदा गवताच्या वेण्यांचा. बेडफर्डशायर आणि हर्टफर्डशायरच्या खेड्यांत गव्हाच्या काडाच्या वेण्या विणल्या जात आणि ल्यूटन शहरात त्यांच्या हॅट तयार होत. १८७० नंतर चीनमधून आणि पुढे जपानमधून स्वस्त वेण्या येऊ लागल्या. ल्यूटनचा हॅटचा धंदा बुडाला नाही, त्याला तर कच्चा माल स्वस्त मिळाला. बुडाल्या त्या खेड्यातल्या विणणाऱ्या बायका.

तिसरा धंदा आमच्याच व्यवसायातला. पाठीवर कापडाचे गाठोडे टाकून गावोगाव फिरणारा विक्रेता एके काळी त्या भागात नेहमीचा होता. १८८० च्या दशकात तो क्वचितच दिसू लागला. लोक शहरातल्या दुकानात जाऊन कापड घेऊ लागले होते, कारण तेथे नवी तऱ्हा होती आणि भाव कमी होता. त्यात १८८३ मध्ये इंग्लंडच्या टपालखात्याने पार्सलची सोय सुरू केली. शहराचा माल टपालाने खेड्यात येऊ लागला. गाठोडेवाल्याचा माल खराब नव्हता, त्याची जबानही खोटी नव्हती. गिऱ्हाइकाचा रस्ता बदलला आणि हा जुन्याच रस्त्यावर चालत राहिला.

त्याच सुमारास शेतीवरही संकट आले. रेल्वे आणि आगबोटींमुळे अमेरिकेचा गहू स्वस्तात येऊ लागला. १८७९ चे साल अतिपावसाने वाया गेले. १८७० च्या दशकाच्या पूर्वार्धात एक क्वार्टर, म्हणजे आठ बुशेल, गव्हाला ५० शिलिंगांच्या वर भाव मिळत असे. १८९४ मध्ये तो २२ शिलिंग १० पेन्सवर आला. अनेक मालकांनी नांगर सोडून गवत वाढविले आणि मजूर कमी केले. परदेशी गहू बंदरावरच लोखंडी रुळांच्या मोठ्या गिरण्यांत दळला जाऊ लागला, म्हणून गावचा गिरणीवालाही मागे पडला. ज्यांनी आयुष्यात नांगर धरला नाही, त्यांच्या गल्ल्यावरही गव्हाच्या भावाने घाला घातला.

एक दुकान टिकले

आता दुसरी बाजू पाहू. १८९१ मध्ये चौदा वर्षांची फ्लोरा जवळच्या फ्रिंगफर्ड गावी टपाल कचेरीत कामाला लागली. ही कचेरी श्रीमती व्हिटन नावाच्या बाई चालवीत. पुस्तकात त्यांचे नाव डॉर्कस लेन असे आहे. विशेष म्हणजे एकाच आवारात टपाल कचेरी आणि लोहारशाळा होती. एकीकडे ऐरण, दुसरीकडे तारयंत्र. पुस्तकातील बाई दोन्हींचे हिशेब स्वतः पाहते. लोहारशाळेचे कारागीर जेवणाच्या टेबलावर आपापल्या मानाने बसतात आणि काम चोख नसेल तर माल बाहेर जात नाही.

हे घर का टिकले? लोहाराचे गिऱ्हाईक दारातच उभे होते. घोड्याचा नाल नॉटिंगहॅमहून पार्सलने मागविता येत नाही. कापणीची नवी यंत्रे आली, तीही मोडत होती आणि दुरुस्तीला त्याच्याकडेच येत होती. पुढे सायकली आल्या, मग मोटारी आल्या आणि इंग्लंडच्या कित्येक खेड्यांत लोहारशाळेच्या जागीच गॅरेज उभे राहिले. टपालाचे काम तर त्या नव्या रस्त्याचाच भाग होते. पत्र, तार, पार्सल, मनिऑर्डर, बचतीचे खाते यांसाठी गावाला तेथे यावेच लागे. नवे येत आहे म्हणून बाईने ऐरण विकली नाही आणि ऐरण आहे म्हणून तारेला दार बंद केले नाही.

आपल्यासाठी काय

मी स्वतः व्यापारी आहे, म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लेसवालीची कहाणी वाचताना मला प्रथम तिची दया आली. नंतर लक्षात आले की त्या कहाणीत माझी जागा बॅनबरीच्या व्यापाऱ्याची आहे. यंत्राची लेस स्वस्त मिळू लागली तेव्हा त्याने ती घेतली. मीही तेच केले असते, दुकान चालवायचे तर करावेच लागते. पण भाव पडत चालल्याची खबर त्याला म्हातारीच्या कितीतरी आधी होती. तो बाजारात रोज बसत होता, ती घरात बसून विणत होती. त्याने वेळेवर एवढे जरी सांगितले असते की ‘बाई, नातीला हे शिकवू नका, दुसरे काही शिकवा’, तरी एका घराचे भले झाले असते. म्हातारपणी हात थकले की त्या काळी गरिबाला अनाथालयवजा वर्कहाऊसची भीती असे. सत्तरीवरच्या गरजू वृद्धांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत सरकारी पेन्शन १९०९ मध्ये मिळू लागली. तोपर्यंत कितीतरी कारागीर निघून गेले होते.

म्हणून कारागीर बंधूंनी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझा माल अखेरीस कोणाच्या कमाईतून विकला जातो आणि ती कमाई वाढते आहे की आटते आहे? माझे काम दुसऱ्या गावाहून पार्सलने येऊ शकते का? आणि गिऱ्हाईक आज ज्या रस्त्याने जाते आहे, त्या रस्त्यावर माझे दार आहे का?

आणि व्यापारी बंधूंनी एकच करावे. बाजाराची खबर आपल्याला आधी कळते. ज्याच्या मेहनतीवर आपण नफा घेतला, त्याच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचवावी.