अलार्म वाजला, पण जिना कुठंय?

युरोपातल्या आल्प्स पर्वतात मार्मोट नावाचा गुबगुबीत प्राणी असतो. खारीच्याच कुळातला, पण बिळात राहणारा. वर गरुड किंवा खाली कोल्हा दिसला, की एक मार्मोट कर्कश शिट्टी मारतो आणि अख्खं कुटुंब बिळात गायब! एक शिट्टी म्हणजे गरुड, अनेक शिट्ट्या म्हणजे कोल्हा, असा सोपा कोड सांगितला जातो. पण ब्लूमस्टीन आणि आर्नोल्ड यांनी १९९५ साली दाखवलं, की कोड इतका पक्का नाही. शत्रू कोण यापेक्षा धोका किती, याच्याशी शिट्ट्यांचा संबंध जास्त आहे.

हॉस्टेलमागची खार मांजर बघून शेपटी झटकत चिकचिक करते ना, तोही अलार्मच. आणि या कुळातला आपला हीरो म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी! आंदर मावळाच्या उत्तरेला, सह्याद्रीच्या याच रांगेत, भीमाशंकर अभयारण्य आहे. सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं हे जंगल १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठी राखलं गेलं. धोका दिसला की शेकरूसुद्धा खडखड असा मोठा आवाज काढतं.

आता थोडं इंजिनिअरिंग. अलार्म सिस्टिमला तीन गोष्टी लागतात: सेन्सर, भोंगा आणि सुटायची वाट. मार्मोटची वाट म्हणजे बीळ. शेकरूची वाट म्हणजे फांद्या. ते जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याची उडी साधारण ६ मीटरची. मधली झाडं तोडून १५ मीटरचा रस्ता काढला, की त्याच्यासाठी ती दरीच झाली. भोंगा वाजतोय, पण जिना बंद!

शेकरूंची संख्या काढणंही सोपं नाही. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं. समजा २०० घरटी मोजली. प्रत्येकी ४ धरली तर शेकरू ५०, ५ धरली तर ४०. त्यात झाडांचा पट्टा तुटला तर हेच ४० जण लहान लहान तुकड्यांत अडकतात. आपसातच प्रजनन होतं, आणि एखाद्या वाईट वर्षात अख्खा तुकडा संपू शकतो.

टाकवे, वडेश्वर, खांडी या वाटेने ट्रेकला जाल तेव्हा मान वर करून बघा. गावकऱ्यांनी राखलेल्या देवराईत फांद्यांचं छत सलग असतं. प्लॉटिंग झालेल्या माळावर नुसतं आकाश दिसतं. म्हणून सर आणि मॅडमना एक विनंती: एनएसएसच्या कॅम्पला खड्डे कुठेही नकोत. जिथे दोन झाडीचे पट्टे तुटलेत, बरोबर तिथेच जांभूळ, उंबर, आंबा लावूया.